कणगीतले टोचलेले कान

कणगीच्या राज्यात उजेड नव्हता, वारा नव्हता, आणि नटायला तर साफ बंदी होती. बांबूचं विणलेलं, शेणानं लिंपलेलं हे राज्य, आणि प्रजा सगळी मक्याच्या बियाण्याची. भरणाऱ्या हातानं दाण्यादाण्याला चुलीची राख चोळली होती, मधेमधे कडुलिंबाचा पाला दाबला होता. कायदा एकच. नांगर चालेपर्यंत अंगावरची राख झटकायची नाही.

पण तरण्या दाण्यांना करमणार कसं? एकमेकांची तोंडं बघायची, तीही राखेनं माखलेली.

कणसाच्या बुडाला वाढलेली, वाकड्या अंगाची ठमा म्हातारी तेवढी राखेत खुशाल लोळायची. तिला एकच घोर होता, नात शेवंताचा. दाण्याचं लग्न मातीशी लागतं. शेवंता तेवढी मातीत पडली की म्हातारी सुटली.

एक दिवस लिंपण तडकलं. ठमा म्हणाली, "पाला सारा रे तिकडं, भेग बुजवा."

राज्याचा पाटील हणगोजी, टपोरा दाणा, खेकसला, "कडू वासानं डोकं उठलंय सगळ्यांचं. जरा वारा आला तर तुझ्या पोटात दुखतंय होय, म्हातारे?"

वारा आला. वाऱ्यामागं सोंडा आला. एवढासा काळा किडा, पुढं लांब सोंड, बोलणं गुळासारखं.

"काय हे, पाटील! अंग सोन्याचं आणि राहणी गोसाव्याची? राख झटका. मला ती सोसत नाही, नाहीतर एकेकाचे कान टोचून दिले असते. भोक असं बुजवतो, की आईलासुद्धा दिसायचं नाही."

हणगोजीनं अंग झटकलं, आणि मागनं अर्धं राज्य झटकायला लागलं.

ठमा गडगडत आली आणि सोंड्याला तिनं एक धक्का दिला. सोंड्यानं पाय पोटाशी घेतले, उताणा पडला, आणि मेला.

"पाहुणा मारलास, कैदाशिणी!" हणगोजी ओरडला. "थू तुझ्या जिनगानीवर!"

"ढोंग करतोय मुडदा," ठमा म्हणाली. पण रडारडीत ऐकतं कोण? शेवंता तर लाजेनं अर्धी झाली. ती सोंड्याजवळ गेली. "उठा हो, मामा. आज्जीच्या वतीनं मी पाया पडते. हे बघा, माझी राख झटकली. पहिला कान माझा टोचा."

सोंड्यानं एक डोळा उघडला.

मग काय, रांगच लागली. ज्याचं त्याचं अंग पिवळंधमक. टोचलेलं कुठं दिसेना, म्हणून सोंड्याच्या हाताचं कौतुक वाढलं. सोंड्याचे पाहुणे आले, पाहुण्यांचे पाहुणे आले. हळूहळू कणगी तापली. हणगोजी म्हणाला, "बघा, राज्याला ऊब आली!" राखेतल्या म्हातारीशी कुणी बोलेना.

शेवंताच तेवढी एकदा लाडात आली. "आज्जे, माझ्या पोटात कुणीतरी गातंय गं. ऐक की."

ठमानं कान लावला. आत गाणं नव्हतं. आत सोंड्याच्या पिल्लांची पंगत बसली होती.

"काय म्हणतंय?" शेवंतानं विचारलं.

म्हातारीला राहवेना आणि बोलवेना. "मंगलाष्टकं आहेत, बाई," ती म्हणाली. "निजून ऐक."

शेवटी नांगर चालल्याचा आवाज आला. झाकण निघालं, हात आत आला, आणि सगळं राज्य पाण्यानं भरलेल्या घमेल्यात पडलं. भिजलेली राख सुटून पाणी काळं झालं.

"वर आलो! सगळे वर आलो!" हणगोजी नाचत होता. त्याच्या बाजूला शेवंता, हलकी, कापसासारखी. "आज्जे, बघ गं, मी कशी तरंगतेय! तू कुठं आहेस?"

ठमा खाली चालली होती. दगडासारखी, सरळ तळाला. वरनं नातीचं हसू ऐकू येत होतं. मग हातानं वरचा सगळा थर ओंजळीनं काढला आणि कोंबड्यांपुढं फेकला. हसू थांबलं.

हात पुन्हा पाण्यात आला. तळ चाचपला, कड चाचपली, परत तळ चाचपला. मग तळव्यावर एक वाकडा दाणा घेऊन तो बाहेर आला.

पलीकडं नांगरलेलं रान होतं. डोंगराच्या पायथ्यापर्यंत, नांगराच्या तासामागं तास, तोंड उघडून पडलेलं.