अठरा गावांचा सभासद

ज्या काळी श्यामा नदीकाठच्या चंपावनात राजा नव्हता आणि गणसभाच राज्य चालवीत होती, त्या काळी बोधिसत्त्व एका नावाड्याच्या घरी जन्मले. त्यांचे नाव सुतीर्थ. बोलणे मऊ आणि ऐकणे त्याहून मऊ. पूर्वतीरावरच्या अठरा गावांनी त्यांना सभेत पाठवले आणि पुढची वीस वर्षे पुन्हा पुन्हा तेच निवडून आले. त्यांनी विहिरी खणवल्या, गायरान राखले.

एका वर्षी गणप्रमुख धनघोषाने ठराव मांडला, की श्यामेचे सगळे पाणी पाटाने पूर्वतीराला वळवावे. अठरा गावांत आनंदीआनंद झाला.

पश्चिमतीरावर वेताचे बन होते. तिथल्या विणकरांजवळ जमीन नव्हती, म्हणून सभेत त्यांचे कोणी नव्हते. बोधिसत्त्व पहाटे एकटेच तिकडे गेले. धुक्यात पाणी आणि आकाश वेगळे कळत नव्हते. वेतांना टांगलेल्या पाळण्यांत मुले झुलत होती, आणि सारे बनच झोपेत श्वास घेत आहे असे वाटत होते. वेत्रा नावाची म्हातारी टोपली विणत बसली होती.

ती म्हणाली, "पाणी गेलं की बन वाळणार, बाबा. पण तुला निवडून देणारे तर पलीकडचे."

"हो, आई. म्हणूनच अलीकडचं ऐकायला आलो."

ते दिवसभर तिथेच बसून राहिले.

गणाची एक रीत होती. ज्या गावांसाठी काही मागितले जाई, त्यांच्याच सभासदाने नकार दिला तर ठराव पडे. सभेत बोधिसत्त्व उठले. "माझ्या गावांना पाणी हवं आहे. पुराचं जादा पाणी द्या, ते आम्ही तळ्यांत साठवू. दुसऱ्याचं बन वाळवून आलेलं पाणी मी त्यांच्या नावानं घेणार नाही."

धनघोष हळूच म्हणाला, "सुतीर्था, पुढच्या वेळी तू इथे नसशील."

"ठाऊक आहे."

ठराव पडला. गावात परतल्यावर लोक त्यांच्याभोवती जमले. एक शेतकरी डोळे पुसत म्हणाला, "दादा, आम्ही तुम्हाला आमच्यासाठी पाठवलं होतं."

"तुमच्यासाठीच गेलो होतो रे. तुमच्या शेतात कुणाचा तळतळाट यायला नको होता."

पुढच्या निवडीत त्यांना एकाही गावाने मत दिले नाही. त्या रात्री ते रडले, हे त्यांच्या पत्नीलाच ठाऊक. मग त्यांनी वडिलांची नाव पाण्यात लोटली आणि उरलेले आयुष्य दोन्ही तीरांच्या माणसांची ने-आण करण्यात घालवले. आधी कोणी बोलत नसे. हळूहळू पूर्वेचे शेतकरी आणि पश्चिमेचे विणकर त्याच नावेत शेजारी बसू लागले, एकमेकांच्या लेकराबाळांची चौकशी करू लागले. अखेर अठरा गावांनीच सभेला सांगितले, विणकरांनाही तिथे जागा द्या.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा धनघोष म्हणजे आजचा आनंद, वेत्रा म्हणजे महाप्रजापती गौतमी, आणि तो नावाडी मीच होतो." आपल्या माणसांपाशी न थांबणाऱ्या या मायेलाच मैत्री पारमिता म्हणतात.