दोन सरकारांची एक बंदूक

कॅनडातल्या एका प्रांतात वामनराव टिल्लू राहत. त्यांच्याकडे एक बंदूक होती. वीस वर्षांत तिनं एक बदकही पाडलं नाही, हे तेच हसत सांगत. तरी केंद्र सरकारनं तिच्यावर बंदी घातली आणि ओटावाहून एक ऐटबाज अधिकारी दारात उभा राहिला.

"बंदूक द्या, नाहीतर तुरुंगात जाल!"

मागोमाग प्रांताचा सार्जंट धावत आला. "खबरदार! आमच्या परवानगीशिवाय दिलीत, तर आम्ही आत टाकू!"

दोघांची तिथंच जुंपली. वामनरावांनी बंदूक लोखंडी कपाटात ठेवली आणि दोघांच्या हाती एकेक कुलूप दिलं.

"आपापलं कुलूप लावा, किल्ली खिशात घाला. बंदूक माझ्या हाती राहिली नाही, म्हणून केंद्र खूश. घराबाहेर गेली नाही, म्हणून प्रांत खूश."

नाही म्हणायला दोघांनाही जागा उरली नाही. कुलपं लागली.

"हे सुचलं कसं तुम्हाला?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मला कसलं सुचतंय, साहेब! मधुमेह निघाल्यापासून आमच्या लाडवांच्या कपाटाला एक कुलूप आईचं आहे, दुसरं बायकोचं. भांडण त्यांचं, उपास माझा."