कान तुटलेला कप

गाणं चालतं, पण गाणारा चालत नाही, अशा थोर लोकांची ही गोष्ट आहे.

शाहीर रखमाजी सोनकांबळे स्वतः गाणी रचायचे आणि डफावर गायचे. त्यांनी रचलेला पाळणा त्या मुलखात घरोघरी म्हटला जायचा. नागोराव देशमुखांच्या नातवाच्या बारशालाही बायका सकाळपासून तोच म्हणत होत्या. नागोरावांनी मोठ्या मानानं शाहिरांना बोलावणं धाडलं, आणि बसवलं कुठं, तर अंगणात, जोड्यांजवळ! चहा दिला तोही गोठ्याच्या वळचणीला ठेवलेल्या, कान तुटलेल्या कपात.

"पिऊन झालं की कप धुऊन तिथंच ठेव," ओसरीवरून नागोराव म्हणाले. "राग मानू नको शाहिरा. तुमच्या लोकांच्या तोंडाला लागलेलं काहीच आमच्या घरात चालत नाही. वाडवडिलांची रीत आहे."

शाहिरांनी कपाला ओठसुद्धा लावले नाहीत. तो तसाच खाली ठेवून ते उठले, आणि साऱ्या घराला ऐकू जाईल असा आवाज त्यांनी चढवला.

"मग घरातल्या बायांना आधी चुळा भरायला लावा, मालक! तो पाळणा माझ्या तोंडातून निघालाय, अन् सकाळपासून तुमच्या समद्या घराच्या तोंडात हाय. अन् त्या लेकराचे कान कशानं धुणार?"