सिदोजी कुठं उभा होता

“माझं कुणी खरं धरत नाही, बाबा. तुम्ही तरी धरता का?”

इनूसबाबा चिंचेखाली बसून गोधडीला टाके घालत होते. मान वर केली नाही.

“काय खरं धरायचं?”

“आमच्या घरच्या जुन्या वीराला, मानकोजीला, त्याच्या सख्ख्या भावानं मारलं. सिदोजीनं. मला रोज स्वप्न पडतं. आणि गाव म्हणतं, शालनचं डोकं फिरलंय. दोघं भाऊ एकमेकांच्या शेजारी लढून मेले म्हणे!”

बाबा फकीर. ते राहतात त्या तकियाजवळच दोघा भावांचा वीरगळ उभा आहे. एकाच राज्याच्या दोन गाद्या झाल्या, तेव्हाच्या लढाईतला. त्यावर दोन माणसं कोरलेली. पिढ्यान् पिढ्या शेंदूर थापून दोघांचा एकच गोळा झालाय. धुळवडीला दोन्ही घरची माणसं आपापल्या वीराचा टाक, देव्हाऱ्यातला पत्र्यावरचा ठसा, हातात घेऊन नाचत येतात आणि मिळून शेंदूर लावतात.

उद्या धुळवड. मी विळा घेऊनच आले होते. सिदोजी खरवडून टाकायचा. मग बघते त्याच्या घरचे कुणाला शेंदूर लावतात ते.

“यातला सिदोजी कुठला, कळतंय का तुला?”

“म्हणून तर आले. तुम्ही जुने. नुसतं बोट दाखवा.”

“मी तकिया झाडतो, पोरी. मढी ओळखत नाही.”

“मस्करी नको.”

“बरं. स्वप्न सांग.”

सांगितलं. नदी वाहते, पण आवाज नसतो. पाण्यातून घोडा चालत येतो, वर कुणी नाही. चिंचेचा पाला गळतो आणि खाली पडतच नाही, मधेच राहतो. त्या पाल्यात मानकोजी गुडघ्यावर बसलेला. पागोटं सुटलेलं...

बाबांनी सुई गोधडीत खोचली. उठले, आणि माझ्यासमोर मातीत गुडघे टेकले.

“असा?”

ऐंशीचा म्हातारा.

“उठा हो, बाबा.”

“असाच बसतो का, ते सांग.”

“...मान थोडी वर.”

“अशी?”

“अजून. तो वर बघतो.”

“कुणाकडं?”

“माझ्याकडं. थेट डोळ्यांत.”

“मग तू लांब उभी आहेस. स्वप्नात असतेस तितकी जवळ ये.”

एक पाऊल गेले. दुसरं गेले. अंगावर उन्हाचे कवडसे हलत होते. भर दुपारची मी जागी का झोपेत, कळेना.

“बास. इथंच,” मी म्हणाले.

“आता सिदोजी दाखव. तो कुठं असतो?”

मी डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं.

“तो... तो कधी दिसत नाही.”

“तलवार?”

“ती दिसते. वरून येते. अशी.”

मी हात उचलून दाखवला.

हातात विळा होता.

बाबा हलले नाहीत. मान वर, डोळे माझ्या डोळ्यांत. माझा हात खाली येईना...

“नाव सांगा, बाबा.” माझाच आवाज मला लांबून आला. “कुणी मारलं त्याला? उद्या सगळ्या गावासमोर ते नाव घेते.”

“घेशील?”

“घेते.”

“मग घे. शालन.”