शेजारचं पान

"शब्द एकच, बाबा, आणि अर्थ किती! सांगू?"

पद्माकर धापा टाकत ओसरीवर आला. सकाळपासून तो इंग्रजी शब्दकोशात डोकं खुपसून बसला होता. आता चेहऱ्यावर असा आनंद, की जणू तो शब्द यानेच जन्माला घातला.

अच्युतबाबा पावट्याच्या शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "सांग की. नाही म्हटलं तर पोट फुटेल तुझं."

गोष्ट अशी होती. बाबांच्या नदीकाठच्या लहानशा मठात दर मार्गशीर्षात एक परदेशी जोडपं यायचं, पीटरसाहेब आणि हेलनबाई. महिनाभर राहायचं, बाबांजवळ बसायचं. बाबांना इंग्रजी येत नसे आणि त्या दोघांना मराठी. मध्ये एक जुना शिष्य दुभाष्या म्हणून बसे.

यंदा तो शिष्य काशीला गेला होता. आणि पीटरसाहेबही नव्हते. पावसाळ्यातच ते वारले. बाई एकट्याच आज सकाळच्या एसटीने आल्या होत्या.

दुभाष्याची जागा पद्माकरला हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यापायी त्याला रात्री झोप लागत नव्हती. इंग्रजी घेऊन बी.ए. झालेला माणूस, आणि मठात आल्यापासून हातात काय, तर झाडू! बाबांनी अट घातली होती, "एक शब्द आण. एकच. पण पुरता कळलेला आण."

"मिस!" पद्माकर जवळजवळ ओरडलाच. "शाळेतल्या बाई, त्या मिस. लग्न न झालेली मुलगी, तीही मिस. दगड मारला आणि कैरी पडली नाही, मिस. एसटी सुटली, मिस. तास बुडवला, मिस!"

"अरे वा! तुझं सगळं कॉलेज आलं की यात."

पद्माकर हसला, पण थांबतो कसला. "खरी गंमत तर पुढेच आहे, बाबा. आपलं माणूस जवळ नसलं, की जे होतं ना... तेही मिस!"

"काय होतं?"

"म्हणजे... उणीव भासते. आठवण येते. तसंच दिलंय शब्दकोशात."

"शब्दकोशात..." बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. "आणि तुझ्यात?"

"मला तर तोंडपाठ आहे!"

बाबांनी ती शेंग पुन्हा उचलली.

तेवढ्यात पंगतीची घंटा झाली.

"मग आता बसू ना बाबा, मी बाईंजवळ?"

"जेवण तर होऊ दे..."

जेवण होऊ दे म्हणजे हो, असा सोयीचा अर्थ लावून पद्माकर उड्या मारतच विहिरीवर हातपाय धुवायला गेला.

त्या मठाच्या पंगतीची एक रीत होती. स्वतःचं पान स्वतः मांडायचं नाही. जोडीजोडीने बसायचं, याने त्याच्यापुढे केळीचं पान मांडून पाणी शिंपडायचं, त्याने याच्यापुढे. पद्माकरची जोडी खुद्द बाबांशी. रोज बाबा त्याचं पान मांडत आणि तो बाबांचं. सुरुवातीला त्याला याचा केवढा अभिमान वाटायचा! पुढे हात आपोआप चालू लागले.

तो पंगतीत आला तेव्हा सगळे बसले होते. हेलनबाई नेहमीच्या खांबाशी होत्या. त्यांच्या शेजारची जागा मोकळी, आणि तिथे पान मांडलेलं. वर पाणी शिंपडलेलं.

पद्माकर हरखला. बाईंनी आपल्यासाठी पान मांडलं! म्हणजे बाबा बोलले असणार. म्हणजे ठरलंच की!

तो धावत गेला आणि त्या पानावर जाऊन बसला.

"गुड आफ्टरनून, मॅडम!"

 बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पुढ्यातल्या पानाकडे... आणि मान वळवली.

प्रवासाने दमल्या असतील, पद्माकरने मनाशी म्हटलं. त्याने आणखी एक फक्कड वाक्य जुळवलं. ते म्हणण्याआधी, बाबांनी शाबासकीच्या नजरेने पाहावं म्हणून त्याने समोरच्या रांगेत बघितलं.

बाबा स्वस्थ बसले होते. त्यांच्या डाव्या हाताला एक पान मांडलेलं होतं. पद्माकरचं. पाण्याचे थेंब अजून त्यावर चमकत होते.

आणि बाबांच्या पुढ्यात... काहीच नव्हतं. नुसती सारवलेली जमीन.

वाढपी भाताची परात घेऊन येऊन ठेपला होता. बाबांनी हाताने त्याला थांबवलं. ते पद्माकरकडे बघत नव्हते. शेजारच्या रिकाम्या पानाकडे बघत होते.

पद्माकर त्या जमिनीकडे बघतच राहिला. आत काय झालं ते त्याला सांगता आलं नसतं. बाबांचं पान मांडायचं राहिलं. माझ्याकडून राहिलं...

मग त्याने वळून बाईंच्या पुढ्यात पाहिलं.

तिथेही नुसती जमीन होती.

इतकी वर्षं या जागेवर त्यांचं पान पीटरसाहेबांशिवाय दुसऱ्या कुणी मांडलंच नव्हतं. आणि सवयीने, हातांना आठवत होतं म्हणून, बाईंनी आपल्या शेजारी साहेबांचं पान मांडलं होतं. त्या पानावर आपण बसलोय!

तो चटका बसल्यासारखा उठला. जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. कोपऱ्यातल्या टोपलीतून त्याने एक पान घेतलं, चांगलं रुंद बघून. ते पुसलं. बाईंपुढे गुडघे टेकून दोन्ही हातांनी मांडलं आणि पाणी शिंपडलं. 

शेजारचं पान त्याने हलवलं नाही. त्याच्या बसण्याने कड दुमडली होती, ती तेवढी सरळ केली.

हेलनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं.  मग त्यांनी त्याचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि हसल्या, आणि हसता हसता घळाघळा रडल्या. पद्माकरलाही रडू आवरेना, आणि आतून असा आनंद उसळत होता की त्याचं त्यालाच नवल वाटलं.



मग तो समोर गेला. बाबांपुढे पान मांडलं, पाणी शिंपडलं आणि मान खाली घालून आपल्या जागेवर बसला.

"बाबा, मी... मला एकही शब्द..."

बाबांनी वाढप्याला खूण केली.

"वाढा रे. दुभाष्या मिळाला."