आबासाहेबांच्या वीस खुर्च्या

अनुसया खरात बोरखेडच्या एसटी स्टँडवरचा संडास सांभाळायची. तिथल्या नळाला तीन वर्षं पाणी नव्हतं, म्हणून वैतागून ती नगराध्यक्षपदाला उभी राहिली. महिनाभर दारोदार फिरून पाय सुजले. तिला देणगी देणारेही कोण, तर बँडवाल्याने ताशा दिला, मसणवट्यातल्या लाकूडवाल्याने हातगाडी, आणि दुकानोदुकानी टाळ्या वाजवत फिरणाऱ्या तृतीयपंथी मोहिनीने सभेत नेसायला बरं लुगडं.

वीस वर्षं नगराध्यक्ष असलेले आबासाहेब धुमाळ भरसभेत हसले. "बाई, तुझे हे देणगीदार उद्या चौकात आण. मी माझे आणतो. कुणामागे कोण आहे, ते गावाला बघू दे."

"आणते," अनुसया म्हणाली. वाद घालायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी मांडवात गादीच्या वीस खुर्च्या मांडल्या. तिची माणसं सकाळपासून समोर उन्हात उभी होती. गाव जमलं, पण खुर्च्यांवर कुणी येईना. रस्त्याच्या ठेकेदाराचा फोन बंद, वाळूवाल्याचं बीपी वाढलेलं, प्लॉटवाल्याला अचानक पुण्याचं लग्न निघालेलं.

तास गेला. लोक हसू लागले. आबासाहेब घाम पुसत म्हणाले, "येतील. मोठी माणसं आहेत."

"ती कशाला येतायत, आबासाहेब," अनुसया दमून म्हणाली. "त्या खुर्च्यांवर माझी माणसं बसू देत. त्यांना गावासमोर यायची लाज वाटत नाही, नुसते पाय दुखतायत."