कुरवखडक आणि पाण्याची वाटी

पूर्वी पूर्वसमुद्रातल्या उदयद्वीपावर उत्तरसेन राजाचे राज्य चालू असताना बोधिसत्त्व तिथे एका लेखनिकाच्या घरी जन्मले आणि पुढे प्रधानांचे सल्लागार झाले. त्या जन्मी त्यांचे नाव शीलरक्षित. राजा तसा नावापुरताच. वर्षातून एकदा स्वतःच्या हाताने भाताची रोपे लावायची, एवढेच त्याचे काम. बाकी सगळा कारभार प्रधान पाही. दरवर्षी सुगी आटोपली की प्रधान बंदरावरच्या दगडी चौथऱ्यावर उभा राही आणि यंदा घरात काय करणार, दाराबाहेरच्यांशी कसे वागणार, ते सगळ्या प्रजेला सांगे.

दाराबाहेरच्या गोष्टींत एकच जागा अवघड होती. समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यात, पलीकडच्या महातट राज्याच्या वाटेवर, कुरवखडक नावाचा उघडा खडक होता. त्यावर ना झाड ना झरा, नुसते कुरव पक्षी. उदयद्वीप म्हणे खडक आमचा, महातट म्हणे आमचा. जुन्या जाणत्यांनी यावर एक रीत काढली होती. भाषणात खडकाची पाळी आली की प्रधानाने शेजारच्या वाटीतले पाणी एक घोट प्यायचे आणि पुढच्या विषयाला लागायचे. महातटाचा राजाही आपल्या दरबारात तसेच करी. लोक हसून म्हणत, "प्याले बाबा पाणी." पण त्या घोटावर सत्तर वर्षे दोन्ही किनारे सुखाने नांदले. वाटी भरून ठेवणे हे सल्लागाराचे काम असे.

पुढे वज्रकेतु प्रधान झाला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याने म्हाताऱ्यांना घरपोच तांदूळ द्यायला सुरुवात केली, ओस पडलेल्या गावांत नवी जोडपी वसवली, मिठावरचा कर निम्म्यावर आणला. बोलला ते केले. म्हणूनच त्याला वाटू लागले की आपण बोलायचे आणि जगाने तसे व्हायचे. पाण्याचा घोट त्याला भेकडपणा वाटे.

दुसऱ्या वर्षी भाषणाच्या सकाळी तो शीलरक्षितांना म्हणाला, "काका, आज वाटी ठेवू नका."

त्या द्वीपावर आणखी एक रीत होती, आणि खरा घात तिनेच केला. मोठ्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणे तिथे असभ्य समजत. पटले नाही तर गप्प बसायचे. समोरच्याने ते ओळखायचे. शीलरक्षित गप्प बसले. वज्रकेतूला ते ओळखता आले नाही, की ओळखायचेच नव्हते, कोण जाणे.

त्या दिवशी द्वीपावरच्या एकतीस पाणबुड्या बायका महातटाच्या किनाऱ्यावर होत्या. दरवर्षी त्या तिकडच्या उथळ पाण्यात मोती काढायला जात आणि वारा फिरला की परतत. शीलरक्षितांना हे पक्के ठाऊक होते.

वज्रकेतु चौथऱ्यावरून म्हणाला, "कुरवखडक आमचा आहे. त्याला कोणी हात लावला तर आमच्या तलवारी म्यानात राहणार नाहीत." बंदर दणाणून गेले. पाचामुखी परमेश्वर म्हणतात. त्या दिवशी तिथे पाच हजार मुखे होती, पण परमेश्वर काही कुठे दिसला नाही.

आठ दिवसांत निरोप आला. महातटाच्या राजाने बायकांना अडकवून ठेवले होते. अमावास्येपर्यंत शब्द मागे घेतला नाही, तर त्यांना समुद्रात बुडवणार होते.

मुक्तिका नावाची म्हातारी पाणबुडी शीलरक्षितांच्या दारात येऊन बसली. "माझ्या दोन्ही मुली तिकडं आहेत," ती म्हणाली. "त्या खडकावर काय पिकतं, एवढं मला सांगा."

वज्रकेतूही एकटाच भेटायला आला. "काका, चुकलं माझं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आता शब्द मागं घेतला तर हेच लोक मला चौथऱ्यावरून खाली ओढतील. मग म्हाताऱ्यांच्या तांदळाचं काय?"

सभेतल्या निम्म्या मानकऱ्यांनी शीलरक्षितांना वेगळे गाठले. याला उतरवतो, तुम्ही प्रधान व्हा, म्हणाले. शीलरक्षितांनी हिशेब केला तो दिवसांचा. सत्तेचे भांडण मिटेपर्यंत अमावास्या उलटून गेली असती. त्यांनी हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी रिकामी वाटी घेऊन ते स्वतः चौथऱ्यावर चढले.

"वाटी ठेवणं माझं काम," ते म्हणाले. "त्या दिवशी मी ती ठेवली नाही. 'नाही' म्हणायला हवं होतं, तेही म्हणालो नाही. वाटी असती तर तो शब्द निघालाच नसता. दोष माझा आहे."

यात एक अक्षर खोटे नव्हते. लोकांनी दगड मारले, ते त्यांनी सोसले. महातटाचा राजाही यातून सुटायची वाट शोधतच होता. शीलरक्षितांची कबुली म्हणजेच शब्द मागे घेतला, असे त्याने मानले. अट एवढीच घातली की दोषी माणसाला जन्मभर त्या खडकावरच ठेवावे. एकतीस जणी घरी आल्या. निरोप देताना वज्रकेतूने शीलरक्षितांच्या हाती पाण्याचे मडके दिले. मान काही त्याला वर करता आली नाही.

खडकावर पाणी नाही, म्हणून मुक्तिकेच्या मुली आठवड्याला होडीतून पाणी आणि भात नेत. असे एक वर्ष गेले.

पुन्हा सुगी झाली. या खेपेस वाटी वज्रकेतूने स्वतःच भरून ठेवली होती. खडकाची पाळी आली. त्याने वाटी उचलली, ओठांपर्यंत नेली. तेवढ्यात गर्दीतून कोणी तरी हसत म्हणाले, "प्याले बाबा पाणी." शेजारचे हसले, मग सगळे बंदर हसले. वज्रकेतूचे कान लाल झाले. त्याने वाटी खाली ठेवली आणि गेल्या वर्षीपेक्षा जहाल बोलला.

बायका यंदा लवकर परतल्या होत्या, तेवढेच बरे. पण समुद्र बंद झाला. होडी लोटील त्याचा हात तोडू, अशी दवंडी फिरली. खडकावर पाणी पोहोचेना.

शीलरक्षितांच्या मडक्यात निम्मे पाणी उरले होते. एके सकाळी त्यांना पूर्वेलाही शिडे दिसली आणि पश्चिमेलाही. ते हताश होऊन बसून राहिले. आपण घर, मान, सगळे दिले, आणि त्याने एकच वर्ष विकत मिळाले, हे त्यांना कळून चुकले. त्या दिवसापासून ते पाणी प्याले नाहीत. मडके कपारीत सावलीला ठेवले आणि पक्ष्यांनी लवंडू नये म्हणून तोंडावर चपटा दगड ठेवला. वर चढून येईल तो तहानलेला असेल, आणि पाणी पिताना माणसाला बोलता येत नाही.

वारा पडला होता. गलबते पोहोचायला चार दिवस लागले. दोन्हीकडचे सैनिक वर चढले तेव्हा त्यांना मेलेला म्हातारा दिसला आणि झाकलेले मडके. उन्हाने सगळ्यांचे घसे कोरडे पडले होते. मडके या हातातून त्या हातात गेले. इकडच्याने एक घोट घ्यावा, तिकडच्याला द्यावे. तेवढा वेळ कोणी कोणावर शस्त्र उचलले नाही.

मग मडके रिकामे झाले.

जेतवनात ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा वज्रकेतु म्हणजे हा धम्मिक. आज सकाळी संघाच्या सभेत वाहवा मिळावी म्हणून तो शेजारच्या विहाराला नको ते बोलला. मुक्तिका म्हणजे आपल्याला रोज पेज वाढणारी ती म्हातारी उपासिका. शीलरक्षित मीच होतो. मी तेव्हा जी साधली ती क्षांती, म्हणजे सहनशीलता."

धम्मिकाने मान खाली घातली होती. त्याने विचारले, "भगवन्, पण शेवटी उपयोग काय झाला?"

"एकतीस जणी घरी आल्या."

"आणि त्या खडकावर आलेले सगळे?"

शास्त्यांनी शेजारची वाटी उचलली, पाण्याचा एक घोट घेतला आणि वाटी धम्मिकाच्या हाती दिली.